दह्यातली साखर जाते कुठे?



आपल्या मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर गेल्या उन्हाळ्यापासून एक वाद चालू आहे. मधुमेह असणाऱ्यांनी दही खावे की नाही? एका गटाचे म्हणणे असे की दही लागले म्हणजे दुधातली साखर जिवाणूंनी खाऊन टाकली, आता उरली ती फक्त आंबटाई, तेव्हा एक वाटी खा नाहीतर तीन वाट्या खा, फरक पडत नाही. दुसरा गट दह्याकडे पाहायलाही तयार नाही. दोन्हीकडे आवाज मोठा, पण आकडा कोणाकडेच नाही. आम्ही सारा जन्म बँकेत काढला. आकड्याशिवायचा वाद आम्हाला झेपत नाही.

आमचे शिक्षण बी.कॉम. जीवशास्त्राशी संबंध शाळेत होता तेवढाच. पण निवृत्तीनंतर हाताशी वेळ आहे, म्हणून जिवाणू साखर खातात म्हणजे नेमके काय करतात हे वाचायला घेतले. वाचता वाचता दह्यावरून पॅरिसला, पॅरिसवरून इन्सुलिनच्या बाटलीपर्यंत आणि तिथून नातवंडांच्या दातांपर्यंत गेलो. जे समजले ते आपल्या भाषेत मांडतो आहोत.

आधी भांड्यात काय असते ते पाहू. गायीच्या किंवा म्हशीच्या लिटरभर दुधात साधारण ४५ ते ५० ग्रॅम साखर असते. ही चहातली साखर नव्हे. हिचे नाव लॅक्टोज, मराठीत दुग्धशर्करा. उसाच्या साखरेपेक्षा ती बरीच कमी गोड, म्हणून दुधात एवढी साखर आहे हे जिभेला कळत नाही. लॅक्टोजचा एक रेणू म्हणजे दोन लहान साखरांची जोडी, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज.

या दुधात आपण चमचाभर विरजण घालतो. शेजारच्या गुजराती बेन त्याला मेळवण म्हणतात, इंदूरकडची मंडळी जामन म्हणतात, बेळगावात कानडी घरात हेप्पू. शब्द कोणताही असो, त्या चमच्यात कोट्यवधी जिवाणू असतात. घरच्या विरजणात बहुधा लॅक्टोकॉकस लॅक्टिस नावाची जात असते आणि तिच्याबरोबर इतरही असतात. प्रत्येक घरचे मिश्रण वेगळे, म्हणून प्रत्येक घरच्या दह्याची चव वेगळी. बाजारात योगर्ट म्हणून मिळते त्यात दोन ठरावीक जाती असतात, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. यातली दुसरी १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन संशोधकाने जिनिव्हात शिकत असताना आपल्या गावच्या दह्यात शोधली.

लॅक्टोकॉकसला ३० अंशांच्या आसपासची ऊब आवडते, थर्मोफिलसला ४० च्या वरची. बडोद्याच्या मे महिन्यात दही चार-पाच तासांत आंबट होते आणि जानेवारीत सकाळी दूध तसेच्या तसे दिसते, त्याचे कारण एवढेच. भांडे गव्हाच्या डब्यात ठेवणाऱ्या किंवा शालीत गुंडाळणाऱ्या आपल्या आज्यांना अंशांचे आकडे माहीत नव्हते, पण व्यवहार अचूक होता.

आता चक्रवाढ व्याज. चांगली ऊब मिळाली आणि एका जिवाणूचे ४० मिनिटांत दोन झाले असे धरा. आठ तासांत १२ वेळा दुप्पट. एकाचे ४,०९६ होतात. कोणत्याही बँकेने आजवर असा दर दिलेला नाही. हे सगळे बांधकाम चालते ते दुधातल्या प्रथिनांवर आणि साखरेवर, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा येते साखरेतून.

पण इथेच अडचण आहे. जिवाणूला तोंड नाही. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा तो जीव, त्याच्याभोवती एक पातळ पडदा, आणि तो पडदा तेलकट. साखर पाण्यात विरघळणारी. तेलकट पडद्यातून ती आपोआप आत शिरत नाही. म्हणून पडद्यात प्रथिनांचे दरवाजे असतात. दरवाजा ठरलेला, कोणाला आत घ्यायचे ते ठरलेले, आणि आत घेण्याची किंमतही ठरलेली. आम्हाला हा सगळा भाग वाचताना आमची जुनी शाखाच आठवत होती, फक्त इथले काउंटर रांग न लावता काम करतात.

पहिल्या प्रकारचा दरवाजा लॅक्टोकॉकसचा. इथे साखर आत येतानाच तिच्यावर शिक्का बसतो. शिक्का म्हणजे फॉस्फेटचा एक गट. पेशीत फॉस्फोइनॉलपायरुव्हेट नावाचा ऊर्जेने भरलेला पदार्थ असतो. तो आपले फॉस्फेट एका प्रथिनाच्या हाती देतो, ते दुसऱ्याच्या हाती देते, असे हातोहात जात ते दरवाजापाशी पोचते आणि आत येणाऱ्या साखरेला चिकटते. शिक्का बसलेली साखर परत बाहेर जाऊ शकत नाही, कारण फॉस्फेटमुळे तिच्यावर विद्युत भार येतो आणि पडदा तिला अडवतो. शिवाय साखर पुढे मोडण्यासाठी हा शिक्का कधीतरी मारावाच लागणार होता. तो दारातच मारून जिवाणूने एक खर्च वाचवला. ही पद्धत अमेरिकेत सॉल रोझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली प्रसिद्ध केली. त्यांनी ती दह्यात नव्हे, आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूत शोधली. ई. कोलाय ग्लुकोज घेतो तो याच पद्धतीने.

दुसरा दरवाजा ई. कोलायचा लॅक्टोजसाठीचा. इथे शिक्का नाही. पेशी आपल्या ऊर्जेतून हायड्रोजनचे धन भारित कण सतत बाहेर ढकलत असते, त्यामुळे बाहेर त्यांची गर्दी आणि आत तूट. ते कण परत आत यायला उतावीळ असतात. दरवाजा त्यांना आत सोडतो, पण एका अटीवर: येताना लॅक्टोजचा एक रेणू बरोबर आणायचा. एक कण, एक लॅक्टोज. धरणाच्या पाण्यावर पाणचक्की फिरवावी तसे हे आहे. अशा रीतीने पडद्यापलीकडची तफावत हीच पेशीची कमाई असते, हे ब्रिटनच्या पीटर मिचेल यांनी मांडले तेव्हा बऱ्याच जणांचा विश्वास बसला नाही. १९७८ साली त्यांना नोबेल मिळाले.

तिसरा दरवाजा थर्मोफिलसचा, आणि तो आम्हाला सर्वांत आवडला, कारण तो निव्वळ अदलाबदलीचा आहे. लॅक्टोज आत येते, एक एन्झाइम त्याचे दोन तुकडे करते. ग्लुकोज वापरले जाते. गॅलॅक्टोज थर्मोफिलसच्या बहुतेक वाणांना वापरता येत नाही. मग ते बाहेर टाकायचे, आणि त्याच फेरीत नवीन लॅक्टोज आत घ्यायचे. रिकामी बाटली द्या, भरलेली घ्या. त्यामुळे अशा दह्यात गॅलॅक्टोज साठत जाते. पिझ्झावरचे चीज भट्टीत जास्त करपट तपकिरी होते तेव्हा त्यामागे बहुधा हेच उरलेले गॅलॅक्टोज असते.

आत गेल्यावर ग्लुकोजचे काय होते? त्याचे टप्प्याटप्प्याने दोन तुकडे होतात आणि त्या प्रवासात पेशीला एटीपी मिळते. एटीपी म्हणजे पेशीतले चलन, सगळी देणी याच नोटांत. एका ग्लुकोजमागे निव्वळ नफा दोन एटीपी. आपल्या शरीरातल्या पेशी प्राणवायूच्या मदतीने त्याच ग्लुकोजमधून ३० च्या आसपास एटीपी काढतात. दह्याचे जिवाणू तेवढे काढू शकत नाहीत, त्यांच्याकडे ती यंत्रणा नाही. म्हणून ते कमी नफ्यावर जास्त उलाढाल करतात. घाऊक व्यापाऱ्यासारखे. दुधात माल भरपूर आहे, तोवर हे धोरण चालते.

मात्र या व्यवहारात एक भांडे अडकते. ग्लुकोज मोडताना त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन ठेवायला पेशीकडे एनएडी नावाची मोजकीच भांडी असतात. ती भरली की काम बंद. ती रिकामी करायला जिवाणू ते इलेक्ट्रॉन उरलेल्या तुकड्यावरच ओततो आणि त्याचे लॅक्टिक आम्ल होते. हे आम्ल त्याला नको असते, तो बाहेर टाकतो. आपण ज्याला दह्याची चव म्हणतो ती जिवाणूंनी भांडी घासून टाकलेले पाणी आहे, असे आम्ही घरी म्हणालो तेव्हा स्वयंपाकघरातून फारसा उत्साही प्रतिसाद आला नाही.

आम्ल साठत जाते तसे दूध बदलते. ताज्या दुधाचा पीएच ६.६ च्या आसपास. पीएच म्हणजे आंबटपणाचे माप, आकडा खाली तितका आंबटपणा जास्त. तो ४.६ च्या जवळ आला की दुधातले केसीन हे प्रथिन एकमेकांना धरून जाळे तयार करते आणि पाणी त्यात अडकते. दही लागले.

आणि इथेच कट्ट्यावरच्या वादाचे उत्तर आहे. जिवाणू साखर संपेपर्यंत थांबत नाहीत असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ते आपल्याच आम्लाने अडतात. आंबटपणा वाढला की दरवाजे आणि एन्झाइमे मंदावतात, आणि तोवर दुधातल्या लॅक्टोजचा साधारण पाव ते तिसरा हिस्साच खर्च झालेला असतो. बाकीचे तसेच दह्यात असते. म्हणजे घरच्या साध्या दह्याच्या १५० ग्रॅमच्या वाटीत पाच-सहा ग्रॅम साखर असतेच. चहाच्या चमच्याने सांगायचे तर एक चमचा. ही साखर दुधातल्यापेक्षा कमी आहे, शून्य नाही. तेव्हा पहिल्या गटाच्या तीन वाट्या बसत नाहीत आणि दुसऱ्या गटाचा बहिष्कारही बसत नाही. वाटी किती आणि कोणत्या जेवणात, हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावे. तो आमचा प्रांत नाही. फ्रीजमध्ये चार दिवस ठेवून आंबट केलेल्या दह्यात साखर थोडी आणखी कमी होईल, पण तेही साखरमुक्त नसते. दुकानातल्या फळांच्या स्वादाच्या दह्यात वरून साखर घातलेली असते, डब्यावर आकडा छापलेला असतो, चष्मा लावून वाचावा. चक्का टांगला की निवळीबरोबर बरीच दुग्धशर्करा निथळून जाते हे खरे, पण मग त्यात आपण चक्क्याच्या वजनाइतकी साखर घालून श्रीखंड करतो, त्यामुळे तो मुद्दा इथेच सोडू.

याच हिशेबात दूध न पचणाऱ्यांचाही प्रश्न सुटतो. लहान बाळाच्या आतड्यात लॅक्टोज तोडणारे लॅक्टेज हे एन्झाइम भरपूर असते. जगातल्या बहुसंख्य माणसांत ते मोठेपणी कमी होते. भारतात वायव्येकडच्या लोकांत ते टिकण्याचे प्रमाण अधिक, दक्षिणेकडे कमी. ज्यांचे लॅक्टेज कमी झाले त्यांच्या पोटात न तुटलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू त्यावर तुटून पडतात, हायड्रोजन आणि इतर वायू होतात, पोट फुगते, कधी जुलाब होतात. इस्पितळात श्वासातला हायड्रोजन मोजून हे तपासतात, इतका तो वायू रक्तातून फुफ्फुसापर्यंत येतो. हा काही रोग नव्हे आणि नाटक तर नव्हेच. सुनेला दूध चालत नाही म्हटल्यावर आपल्याकडे अजून भुवया उंचावतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

अशा लोकांना दही मात्र बऱ्याचदा चालते. साखर थोडी कमी झाली एवढेच कारण नाही. दह्यातले जिवाणू आपल्याबरोबर स्वतःचे एन्झाइम घेऊन पोटात जातात. थर्मोफिलस आणि बल्गेरिकस पेशीच्या आत असल्याने ते जठरातल्या आम्लातून बऱ्यापैकी वाचते, आणि लहान आतड्यात पोचल्यावर उरलेले लॅक्टोज तोडायला मदत करते. १९८४ साली अमेरिकेत लॅक्टोज न पचणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगात हे दिसले. अट एकच, दही जिवंत हवे. उकळलेल्या कढीत एन्झाइम उरत नाही. ताक चालते.

आता पॅरिस. हा भाग दह्याचा नाही, पण आपल्यापैकी ज्यांच्या फ्रीजच्या दारात इन्सुलिन आहे त्यांच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

१९४० साली पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेले. सोरबॉन विद्यापीठात झाक मोनो नावाचा तिशीतला संशोधक जिवाणू किती वेगाने वाढतात ते मोजत होता. काम साधे: काचेच्या भांड्यात जिवाणू, त्यात साखर, दर काही वेळाने गढूळपणा मोजायचा आणि कागदावर रेषा काढायची. एक साखर दिली की रेषा सरळ वर जायची. मग त्याने दोन साखरा एकत्र दिल्या. काही जोड्यांमध्ये रेषा वर गेली, मध्येच आडवी झाली, काही वेळ वाढ ठप्प, आणि मग पुन्हा वर. जिवाणूंनी आधी ग्लुकोज संपवले होते, मग थांबले, मग दुसऱ्या साखरेला हात घातला. ताटात पुरणपोळी आणि भाकरी असली तर कोण आधी काय खाईल हे सांगायला नको. प्रश्न होता तो मधल्या थांबण्याचा. तेवढ्या वेळात जिवाणू काय करत होते? पाश्चर संस्थेतल्या आंद्रे ल्वॉफ यांनी रेषा पाहून मोनोला सांगितले की नवे एन्झाइम तयार होत असावे. १९४१ साली मोनोचा प्रबंध झाला. त्याच काळात तो जर्मनांविरुद्धच्या भूमिगत लढ्यात होता. खोलीबाहेर मांडून ठेवलेल्या जिराफाच्या सांगाड्याच्या पोकळ पायात तो गुप्त कागद लपवत असे, असे सांगतात.

युद्धानंतर पाश्चर संस्थेत हे काम पुढे गेले. तिथे त्याला फ्रांस्वा झाकोब भेटला. झाकोबला शल्यविशारद व्हायचे होते, पण १९४४ साली नॉर्मंडीत झालेल्या जखमांमुळे ते शक्य नव्हते, म्हणून तो संशोधनाकडे वळला होता. दोघांनी १९६१ साली जे मांडले ते थोडक्यात असे. ई. कोलायच्या डीएनएत लॅक्टोजसाठीच्या सूचना एका ओळीत शेजारी शेजारी असतात: लॅक्टोज तोडणाऱ्या एन्झाइमची, लॅक्टोजच्या दरवाजाची, आणि आणखी एका एन्झाइमची. या ओळीच्या सुरुवातीला एक प्रथिन कुलपासारखे बसलेले असते. लॅक्टोज नसले की कुलूप लागलेले, सूचना वाचल्या जात नाहीत, एन्झाइम बनत नाही, खर्च वाचतो. लॅक्टोज आत आले की त्यापासून बनलेला एक पदार्थ कुलपाला चिकटतो, कुलूप सुटते, आणि एन्झाइमचे उत्पादन सुमारे हजारपट होते.

चौकस वाचक इथे हात वर करील: दरवाजाच बनलेला नाही तर पहिले लॅक्टोज आत आले कसे? कुलूप पूर्ण घट्ट नसते. अधूनमधून निसटते आणि एखाददुसरा दरवाजा, थोडे एन्झाइम तयार होऊन राहते. तेवढे पुरते.

आणि ग्लुकोज असताना लॅक्टोजकडे दुर्लक्ष का? इथे मघाचा शिक्के मारणारा शिपाई पुन्हा येतो. ग्लुकोज भराभर आत येत असले की फॉस्फेट त्याच्या हातात टिकत नाही, आले की पुढे गेले. रिकाम्या हाताचा हा शिपाई जाऊन लॅक्टोजच्या दरवाजाला आतून कडी घालतो. ग्लुकोज संपले की शिक्का त्याच्या हातातच राहतो, कडी निघते, आणि पेशीभर भुकेचा रासायनिक निरोप फिरतो की आता दुसरी सोय पाहा. एकच नोकर दोन कामे करतो, आणि कोणी वरिष्ठ देखरेखीला नाही. आम्ही शाखेत असताना असा एक शिपाई मिळावा म्हणून बरीच पत्रे लिहिली होती.

ल्वॉफ, झाकोब आणि मोनो यांना १९६५ साली नोबेल मिळाले. १९६६ साली ते कुलूप म्हणजे प्रत्यक्ष एक प्रथिन असल्याचे हार्वर्डला वेगळे काढून दाखवण्यात आले. कोणती सूचना कधी वाचायची हे पेशी कसे ठरवते, याचा हा पहिला नीट समजलेला नमुना.

आता इन्सुलिन. १९७० च्या दशकापर्यंत मधुमेहींना मिळणारे इन्सुलिन डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेले असे. अनेकांना त्याची ॲलर्जी येई, आणि काहींना ते घेताना धर्माची अडचणही वाटे. १९७८ साली कॅलिफोर्नियात ई. कोलायकडून माणसाचे इन्सुलिन बनवून घेतले गेले. जिवाणूला इन्सुलिनशी काही देणेघेणे नाही, मग तो ते का बनवील? संशोधकांनी इन्सुलिनच्या दोन साखळ्यांच्या सूचना लॅक्टोज तोडणाऱ्या एन्झाइमच्या सूचनेला जोडल्या. त्या ओळीचे कुलूप कसे उघडते ते मोनो-झाकोबमुळे माहीत होतेच. ते उघडले की जिवाणू एन्झाइम बनवायला लागतो आणि त्याच्या शेपटीला लागून इन्सुलिनची साखळी तयार होते. मग ती तोडून वेगळी करायची आणि दोन साखळ्या जोडायच्या. १९८२ साली अमेरिकेत हे औषध मंजूर झाले. आज पद्धती बदलल्या आहेत, काही कंपन्या हे काम यीस्टकडून करून घेतात, पण पहिला दरवाजा उघडला तो दुधाच्या साखरेच्या किल्लीने.

साखर खाणारे सगळे जिवाणू असे उपकारी नसतात. आपल्या तोंडात स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स नावाची जात असते. १९२४ साली क्लार्क या ब्रिटिश डॉक्टरने किडलेल्या दातांत ती शोधली. हिला उसाची साखर विशेष आवडते, कारण त्या साखरेतून ती एक चिकट डिंक बनवते आणि त्याच्या आधाराने दातावर घर करते. आत घेतलेल्या साखरेचे, दह्यातल्यासारखेच, लॅक्टिक आम्ल होते. दातावरच्या थरात पीएच ५.५ च्या आसपास किंवा खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजे विरघळू लागतात. शिवाय ही जात जास्तीची साखर आत साठवून ठेवते आणि तोंड रिकामे असतानाही त्यातून आम्ल करत राहते. मुदत ठेवीवरचे व्याज, फक्त आपल्याला ते दंतवैद्याकडे भरावे लागते.

अमेरिकन संशोधक स्टीफन यांनी १९४० च्या दशकात दातावरच्या थरातला पीएच मोजला. साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांत तो कोसळतो आणि लाळेमुळे पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे महत्त्व किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली याला जास्त. नातवाने जेवणानंतर तीन पेढे एकदम खाल्ले तर दात एकदाच आम्लात बुडतात. तेच पेढे आजोबांनी लाडाने दुपारभर एकेक करून दिले तर तीनदा, आणि मध्ये सावरायला वेळही मिळत नाही. सर्वांत वाईट म्हणजे साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून मुलाला झोपवणे. झोपेत लाळ कमी होते, धुऊन काढणारे कोणी नसते, आणि पुढचे दात दोन-अडीच वर्षांत काळे पडतात. दुधाचे दात आहेत, पडायचेच आहेत, असे म्हणून सोडून देणारे आपल्यातच आहेत. त्या दातांचे दुखणे मुलालाच सोसावे लागते, आणि त्याच दातांनी खालच्या दातांची जागा राखून ठेवलेली असते.

च्युइंगगममध्ये असते ते झायलिटॉल मात्र या जिवाणूला चांगले फसवते. फ्रुक्टोजच्या दरवाजातून ते शिक्का मारून आत घेतले जाते, पण पुढे मोडता येत नाही. शिक्क्याचा खर्च वाया, माल निरुपयोगी, शेवटी परत बाहेर टाकायचा. खोटी नोट हातात पडलेल्या कॅशियरची अवस्था. (घरात कुत्रा असेल तर हे गम त्याच्या वाटेत ठेवू नका, कुत्र्यांना झायलिटॉल विषारी असते.)

वाल, हरभरे, राजमा खाऊन जो त्रास होतो त्याचीही कुळकथा हीच. त्यांतल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा तोडायचे एन्झाइम माणसाकडे नाही, म्हणून त्या थेट मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या पंगतीत जातात. कडधान्य भिजवून ते पाणी टाकले आणि मोड आणले की या साखरा कमी होतात. मोडाची उसळ हलकी का, ते यात आले.

साखर एवढी आवडते तर मुरांबा का नासत नाही? कारण पाकात साखर इतकी दाट असते की ती जिवाणूच्या पेशीतले पाणीच बाहेर ओढून घेते. दरवाजे उघडे, ताट भरलेले, पण खाणारा तहानेने व्याकूळ. मधाचेही तसेच. मात्र मधात जिवाणू वाढत नसले तरी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या घातक जिवाणूची बीजे त्यात निपचित पडून राहू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांना थारा मिळत नाही. एक वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात मिळू शकतो, ती तिथे रुजतात आणि त्यांच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडतात. बारशाला मधाचे बोट चाटवण्याची आपल्याकडे हौस आहे, घुटीतही मध घालतात. ही हौस सोडून द्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे. बाळासाठीची साखर आईच्या दुधात आधीच आहे: लॅक्टोज तर आहेच, शिवाय लिटरमागे ५ ते १५ ग्रॅम अशा गुंतागुंतीच्या साखरा आहेत की ज्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरियम जातीच्या जिवाणूंसाठी, आणि ते त्या अख्ख्याच्या अख्ख्या आत ओढून घेतात.